बर्फातल्या आखाजीचा पितर

अंटार्क्टिकावर आखाजी केलेला अर्जनवीस आमच्या जिल्ह्यात मी एकटाच आहे, आणि ही गोष्ट मी आपण होऊन कोणास सांगत नाही. लोकच विचारतात. धुळ्यास तहसील कचेरीच्या भिंतीलगत माझे टेबल आहे आणि टेबलामागे फोटो लावलेला आहे. तो मुद्दाम मोठा करून घेतला आहे, म्हणजे मागच्या रांगेतल्या पक्षकारासही दिसावा. फोटोत मी लाल कोट घालून बर्फात उभा आहे. वारसनोंदीच्या अर्जासाठी आलेला माणूस आधी फोटो पाहतो, मग माझ्याकडे पाहतो, मग पुन्हा फोटो पाहतो. त्यानंतर मी पेन खाली ठेवतो.

माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले असून दहावीस मी बसलो होतो, एवढे नमूद करणे पुरेसे आहे. अर्ज लिहिण्यापूर्वी काही वर्षे मी दीपनगरच्या वीजकेंद्रात एका ठेकेदाराच्या भांडारात काम केले. तेथील अनुभवाचा दाखला मी जपून ठेवला होता. कागद कधी उपयोगी पडेल हे सांगता येत नाही, हे मी प्रत्येक पक्षकारास सांगत आलो आहे.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पंप दुरुस्त करणारा एक फिटर एके दिवशी टेबलाशी आला. तिशी उलटलेला, लग्न झालेला, मान खाली. बरोबर त्याचे वडील होते. सर्वजण त्यांना आबा म्हणत. दक्षिण ध्रुवाजवळ आपल्या देशाचे ठाणे आहे आणि तेथे वर्षभरासाठी फिटर हवा आहे, असे त्याने मोबाइलवर वाचले होते. मी त्यास अंटार्क्टिकाची थंडी, शासकीय भरतीचे नियम आणि अर्जाच्या भाषेचे महत्त्व नीट समजावून दिले. आबा बाकावर बसून होते. उठताना ते मुलाला हळूच म्हणाले, पण मला ऐकू आले, "हाऊ भलता बोलस."

हा फार बोलतो, असा त्याचा अर्थ. मी मनावर घेतले नाही.

अर्ज भरता भरता त्याच जाहिरातीत भांडारपालाच्या मदतनिसाची जागा मला दिसली होती. दीपनगरचा दाखला घरी होताच. यथावकाश आम्हा दोघांची निवड झाली. माझ्या पत्नीने माहेरी फोन करून सांगितले की हे वर्षभर घरी नसतील, आणि तिचा आवाज मला वाजवीपेक्षा जरा जास्तच आनंदी वाटला.

निघताना आबा नरडाणा स्टेशनवर आले होते. गाडी फलाटाला लागल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाना, तुम्ही संगे शेतस ते बरं शे. मना पोऱ्या बोलस नही, तुम्ही बोलतस. ध्यान ठेवजो."

मुलगा बोलत नाही, त्याच्या वतीने मी बोलेन, असा मी त्यांना शब्द दिला.

ठाण्यावर हिवाळ्यास आम्ही जेमतेम वर्गभर माणसे राहिलो. बाकीची उन्हाळा संपताच शेवटच्या विमानाने परतली. एकदा ते विमान गेले की पुन्हा नोव्हेंबरपर्यंत काही येत नाही, काही जात नाही. फिटरकडे पाण्याचे काम होते. ठाण्याजवळ एक तळे आहे. वरून बर्फ, खाली पाणी. तेथे एक खोपटे असून त्यातल्या पंपाने पाणी आमच्यापर्यंत येते. नळी गोठली की सगळ्यांचे पाणी बंद. म्हणून तो रोज दोरी धरून खोपट्यात जाई. वादळात पुढचा माणूस दिसत नाही, त्यामुळे ठाण्यापासून तेथपर्यंत दोरी बांधलेली असते.

विमान जाऊन काही आठवडे झाले असतील. तो भांडारात आला आणि पंपाचे वायसर मागितले. मी काढून दिले. ते खिशात घालत तो म्हणाला, "नाना, आबा गया."

घरून फोन आला होता. चुलतभावाने अग्नी दिला होता. हा एकुलता एक. मी खुर्चीवरून उठेपर्यंत तो दाराबाहेर पडला होता आणि पंपाकडे निघाला होता.

त्यानंतर त्याने बोलणे जवळजवळ टाकलेच. वायसर द्या, पाना द्या, नळी वाहते, नळी वाहत नाही, एवढेच. डॉक्टरांनी त्याच्याशी बोलून पाहिले. ठाण्याच्या प्रमुखांनी पाहिले. मी तर रोज पाहत होतो. धीर कसा धरावा याविषयी मी त्याला जे जे सांगितले ते दुसऱ्या कोणास सांगितले असते तर त्याने मला गुरू केले असते. तो ऐकून घेई आणि नट घट्ट करीत राही. जेवणही अर्धे ठेवून उठे.

आखाजी जवळ आली तेव्हा तो आपण होऊन भांडारात आला.

"नाना, घागर मिळी का?"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरत्र लोक त्या दिवशी सोने घेतात आणि मोकळे होतात. आमच्या खानदेशात हा दिवाळीहून मोठा सण आहे. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावर मोठाल्या पुरणपोळ्या होतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर पाण्याने भरतात. उन्हाळा असतो, गेलेल्या माणसालाही तहान लागत असेल, असा त्यामागचा साधा विचार. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीस मुलाने स्वतः घागर भरायची असते.

"चुलतभाऊ भरेल की घरी," मी म्हणालो.

"अग्नी त्यानी दिधा. घागर मना हातघाई भरानी शे," तो म्हणाला. माझ्याच हाताने भरायची आहे. मग दारापर्यंत जाऊन वळून म्हणाला, "नही तर आबा तिसा ऱ्हाई."

बाप तहानलेला राहील. कित्येक आठवड्यांत त्याने मला सांगितलेले हे सर्वांत मोठे बोलणे होते. मी तत्काळ सर्व सूत्रे हाती घेतली.

पहिली अडचण घागरीची. ठाण्यावर भांडी म्हणजे स्टील आणि प्लास्टिक. पाण्याचा कॅन त्याला चालेना. मी भांडाराची पुस्तके चाळली, मग स्वयंपाकघरात गेलो. आमचा आचारी साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. तो मला पहिल्या दिवसापासून वकीलसाहेब म्हणे, आणि त्यातला खवचटपणा सोडला तर मला त्या नावाविषयी तक्रार नव्हती. त्याच्या फळीवर लोणच्याची भलीमोठी चिनी मातीची बरणी होती.

"चिनी माती ही मातीच," मी निर्णय दिला.

"ते खरं. पण वकीलसाहेब, आतलं लोणचं कुठल्या कलमाखाली हलवू?" आचारी म्हणाला.

"लोणचे संपवावे लागेल."

"आखाजीपर्यंत? ही बरणी हिवाळाभर पुरवायची म्हणून भरलीय."

पण त्या दिवशी संध्याकाळी त्याने जेवणाच्या खोलीत उभे राहून जाहीर केले की फिटरच्या वडिलांसाठी बरणी रिकामी व्हायची आहे, तरी प्रत्येकाने आपले कर्तव्य करावे. त्यानंतर ठाण्यावर जे झाले ते देशप्रेमाहून कमी नव्हते. भूकंप मोजणारे शास्त्रज्ञ पोह्यांवर लोणचे घेऊ लागले. हवामानखात्याचे एक गृहस्थ, ज्यांना आंबट सोसत नव्हते, डॉक्टरांकडून गोळी घेऊन पुन्हा पानावर येऊन बसत. कोणी चहाबरोबर खाल्ले असे मी म्हणणार नाही, परंतु बिस्किटाला लावलेले मी पाहिले आहे. बरणी वेळेत रिकामी झाली. चार वेळा धुतली तरी कैरीचा वास गेला नाही, आणि फिटर म्हणाला की बरे झाले, घागरीवर आंबा ठेवायचाच असतो.

दुसरी अडचण विस्तवाची. आमच्याकडे घागर भरल्यावर निखाऱ्यावर तूप आणि नैवेद्याचे घास सोडतात. त्याला आगारी म्हणतात. घास पेटला की पितरांना पोचला. ठाण्यावर उघडा विस्तव म्हणजे सर्वांत मोठा गुन्हा. म्हणून मी प्रमुखांच्या नावे सविस्तर अर्ज तयार केला. प्रमुख बंगालचे शास्त्रज्ञ, पण शिक्षण पुण्यात झाल्याने मराठी चांगले बोलत. त्यांनी मला बोलावून घेतले.

"नाना, अर्ज वाचला. फार छान आहे. पहिल्या पानावर खानदेशचा इतिहास आहे, दुसऱ्यावर माझी स्तुती आहे. तुम्हाला काय पाहिजे ते तिसऱ्या पानावर खाली आहे."

"तशी पद्धत आहे, साहेब."

"एका वाक्यात सांगा."

"साहेब, एक निखारा पाहिजे."

"निखारा मिळणार नाही. हे ठाणं जळलं तर नोव्हेंबरपर्यंत आपण जायचं कुठे?"

मी अर्ज उचलू लागलो. ते म्हणाले, "थांबा. निखारा लाल दिसला पाहिजे की तूप जळलं पाहिजे?"

मी फिटरकडे चौकशी केली. तूप जळले पाहिजे, एवढे त्याला पुरत होते. मग स्वयंपाकघरातली विजेची शेगडी ठरली. त्या वेळी धुराचा भोंगा प्रमुख स्वतः बंद ठेवतील आणि आग विझवायचे नळकांडे घेऊन स्वतःच शेजारी उभे राहतील, अशी अट पडली.

तिसरी गोष्ट मला अडचण वाटलीच नव्हती. त्या दिवशी एका वडीलधाऱ्या माणसास पितर म्हणून पाटावर बसवतात. तो घरातला नसावा लागतो. मुलगा त्याचे पाय धुतो, आग्रह करून जेवू घालतो, आणि तो तृप्त होऊन उठला म्हणजे गेलेला माणूस तृप्त झाला असे धरतात. तोवर घरचे जेवत नाहीत. माझे वय, माझा जिल्हा आणि माझे एकंदर स्थान पाहता पितर कोण असणार याविषयी मला शंका नव्हती. मी धोतराऐवजी कोणती विजार शोभेल याचा विचारही करून ठेवला होता.

आदल्या दिवशी मला दिसले की फिटर आचाऱ्याला काहीतरी विचारतो आहे आणि आचारी हसत मान हलवतो आहे.

"काय रे, काय विचारत होतास?"

फिटर पायाकडे पाहू लागला. आचारीच म्हणाला, "मला पाटावर बसा म्हणतोय. मी म्हटलं, मी वाढायचं का जेवायचं?"

"म्हणजे? मी कशासाठी आहे?" मी विचारले.

"नाना, राग धरू नका," फिटर म्हणाला. "मना बाप जेवता जेवता बोले नही. एक शबुद नही. तुम्ही घास तोंडमा ऱ्हास तरी बोलतस."

आचाऱ्याने पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

"मी गप्प बसेन," मी म्हणालो.

फिटरने मान वर केली. "सगळं जेवण?"

"सगळं जेवण."

"मधमा बोलनात तर मंग तो आबा नही. मंग घागर भरी न भरी सारखी." मध्येच बोललात तर मग तो आबा नाही, घागर भरूनही न भरल्यासारखी. हे तो चिडून म्हणाला नाही. नळी कोठे गोठते हे जसे सांगे तसे सांगितले. म्हणूनच मला ते लागले. आबांनी स्टेशनवर मला याच्यासाठी बोलायचे काम दिले होते. आता न बोलण्याचे आले होते.

"वकीलसाहेब बोलले तर महिनाभर भांडी घासतील," आचाऱ्याने परस्पर ठरवून टाकले.

आखाजीच्या सकाळी वारा होता, पण वादळ नव्हते. सूर्य तिकडे त्या दिवसांत क्षितिजाला चिकटून थोडा वेळ फिरतो आणि जातो. आम्ही दोघे दोरी धरून खोपट्यात गेलो. त्याने पंप सुरू केला, पहिले पाणी सोडून दिले आणि मग बरणी भरली. परत येताना पाणी गोठू नये म्हणून बरणी त्याने झोपण्याच्या पिशवीत घातली आणि पिशवी छातीशी धरली. दोरी धरायला त्याचा एकच हात मोकळा होता. मी त्याच्या मागे होतो आणि त्याच्या कमरेचा पट्टा धरून होतो. थंडीने तोंड बांधलेले असल्यामुळे सूचना देता आल्या नाहीत.

ठाण्याच्या दारास लोखंडी उंबरठा आहे. ठाण्यातल्या लहानशा देवघरातले कुंकू घेऊन त्याने त्यावर बोटे ओढली. एक आजोबांच्या नावाचे, एक आजीच्या, असे करत शेवटचे आबांच्या नावाचे. बरणी गव्हाच्या राशीवर ठेवली, वर नारळ ठेवला. स्वयंपाकघरात विजेची शेगडी तापवली. प्रमुख हेल्मेट घालून नळकांडे दोन्ही हातांत धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर पुरोहितालाही साधणार नाही असे गांभीर्य होते. फिटरने तूप सोडले, पुरणाचा घास ठेवला. चर्र झाले, धूर उठला, घास काळा होऊन कडेने पेटला. प्रमुखांनी हळूच विचारले, "पोचलं?" फिटरने होकार दिला. मग नळकांडे खाली ठेवण्यात आले.

आणि मी पाटावर बसलो. पाट म्हणजे सुट्या भागांची एक पेटी होती. फिटरने माझे पाय कोमट पाण्याने धुतले. माझ्या पायांवर मोज्यांचे वळ उठलेले होते, त्यावरून त्याने हात फिरवला. आयुष्यात माझे पाय कोणी धुतले नव्हते. त्याविषयी मला पुष्कळ बोलावेसे वाटले. मी बोललो नाही.

सर्वजण भोवती बाकांवर बसले. त्यांना मी उठेपर्यंत जेवायचे नव्हते, त्यामुळे करमणूक हवी होती.

पोळीविषयी लिहिणे भाग आहे. खापराची पोळी आमच्याकडे बायका दोन्ही हातांवर झेलत टॉवेलएवढी करतात आणि पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. येथे कढई पालथी घातली होती, आणि झेलण्याचे काम फिटर आणि आचारी या दोघांनी मिळून केले होते. जे माझ्या ताटात आले त्यास एका बाजूला पुरण होते, दुसऱ्या बाजूला नुसतेच कणकेचे जाड कातडे होते आणि मध्ये भोक होते. आमरस डब्यातला. आमटीत मीठ दोनदा पडले होते.

"वकीलसाहेब, आमटी कशी झालीय?" आचाऱ्याने विचारले.

मी आमटी प्यालो.

"मीठ बेताचंच आहे ना? काही सूचना?"

मी आणखी आमटी प्यालो. हवामानखात्याचे गृहस्थ म्हणाले, "नाना, धुळे मोठं की जळगाव?" हा प्रश्न विचारणे म्हणजे शुद्ध छळ होता. माझ्याकडे या विषयावर तासभराचे उत्तर आहे. मी पोळीचे कातडे चावत राहिलो. ते संपेना, ही मला मदतच झाली.

हळूहळू चेष्टा थांबली. माझा विरस झाला नाही असे नाही, पण ती थांबली कारण सर्वांचे लक्ष फिटरकडे गेले होते. तो माझ्यासमोर उकिडवा बसला होता आणि माझ्या तोंडाकडे पाहत होता. रस संपला की रस वाढी. मी बोलायचे नव्हते, इतर गप्प झाले होते.

"आबा, हाई पानी तयामाईन आनं शे," तो म्हणाला. पाणी तळ्यातून आणले आहे.

मी हात थांबवला. मग लक्षात आले की आबा थांबले नसते. मी खाऊ लागलो.

"वर बरफ ऱ्हास, खाले पानी. पंप मी चालाडस. रोज." त्याने पेल्यात पाणी ओतले. "नळी दोन डाव गोठनी व्हती. मीच खोलनी. साहेब म्हणतस, चांगला फिटर शे."

प्रमुखांनी मान हलवली, जणू त्यांची साक्ष काढली होती.

"आठे नाकना केससुद्धा गोठतस, आबा. मायले सांगेल नही. ती घाबरी जाई." त्याने पोळीचा तुकडा मोडून ताटात ठेवला. नंतर वाढपाचा चमचा हातात तसाच धरून राहिला. "मी ऊनू नही, आबा. इमान नव्हतं. इमान ऱ्हातं तर ऊनू असतू."

विमान असते तर आलो असतो. मराठी न कळणारे दोघेतिघे बसले होते, पण कोणी कोणास अर्थ विचारला नाही. आचारी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला होता. मला या जागी काय बोलावे हे अगदी नेमके सुचले होते. सांत्वनाची तीन वाक्ये, क्रमवार. आजही ती मला पाठ आहेत. मी पेला उचलला आणि त्याने दिलेले पाणी तळापर्यंत प्यालो. पेला रिकामा खाली ठेवला आणि पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो भरला. ते पाणीही मी प्यालो. तिसऱ्यांदा भरला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो ओतताना सांडत होता, पण तोंडाने बोलतच होता: बापाची बैलजोडी कोणी घेतली, घरी हौदाची तोटी गळते तिला कोणता वायसर लागेल, आपल्या बाळाला पहिला दात आला. मी सगळे ऐकले. शेवटी मी ताटावरून हात फिरवला आणि उठलो, म्हणजे पोट भरले.

"धुवा हात," तो म्हणाला, आणि माझ्या हातांवर पाणी घालून स्वतःच्या जागी जाऊन बसला. आचाऱ्याने त्याच्यापुढे ताट ठेवले. त्याने आमटीचा घोट घेतला आणि आचाऱ्याकडे पाहिले.

"भाऊ, यामा मीठ किती टाकं?"

"दोनदा पडलं. वकीलसाहेबांनी तक्रार केली नाही, मला वाटलं चालतंय."

तो हसला नाही, पण त्याने ताट पूर्ण संपवले आणि पोळी पुन्हा मागून घेतली. आचाऱ्याने त्याला मधले भोक दिले नाही, पुरणाची बाजू दिली.

दुपारी वारा वाढला आणि नळीची पाहणी करायला पुन्हा खोपट्यात जावे लागले. सणाचा दिवस असला तरी पाणी सर्वांना लागते. माझे मौन तोवर संपलेले होते आणि आत पुष्कळ साचले होते. दोरी धरून निघताच मी सुरुवात केली. परंतु पुढे तो होता, आणि तो वळून वळून मला सांगत होता की आबा पहिल्यांदा विहिरीत पंप बसवायला त्याला कसे घेऊन गेले, कसा तो पंप उलटा बसला, आणि आबा दिवसभर एक शब्द न बोलता कसे तो पुन्हा काढत होते. वाऱ्यामुळे अर्धे ऐकू येत नव्हते. मी मागून "हो, हो" म्हणत होतो. खोपटे आले तरी पंप अजून विहिरीतच होता. आत जाऊन त्याने दार लावले, दिवा लावला, आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.